मुरवायला ठेवलेले दगड

दगड आले तेव्हा मी तिथे नव्हते. भावजयीचा फोन आला. तिचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, तुमच्या वडिलांनी घरात समुद्र आणलाय, आणि तो मेलाय."

बाबा माझे वडील आहेत हे तिला अशाच वेळी आठवतं. एरवी ते तिचेही बाबाच असतात. हाक मारताना ती तो शब्द जरा लांबवते. मला तो तसा लांबवता येत नाही.

रविवारी गेले. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण वास दुसऱ्या मजल्यावरच लागला. कुजलेल्या शिंपल्यांचा, ओल्या दोरखंडाचा, आणि त्याखाली एक टोचरा वास, जो मी झोपेतही ओळखेन. अमोनियाचा. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला सोळा वर्षं झाली. नळाने घराघरांत जाणारं पाणी आधी आमच्या टेबलावरून जातं.

"या," भावजय दार उघडत म्हणाली. हातांत पिवळे रबरी मोजे होते आणि त्यातल्या एकात जुना टूथब्रश. "नाक बाहेर काढून ठेवा आणि या."

मागची खोली एके काळी माझी होती. खिडकीखाली जिथे माझं अभ्यासाचं टेबल असायचं तिथे आता काळ्या प्लॅस्टिकचा टब होता, माणूस पाय पसरून बसेल एवढा. त्यात खारं पाणी. एका कोपऱ्यात ते कोमट ठेवणारा हीटर, दुसऱ्यात ते ढवळत ठेवणारा पंप, आणि तळाशी बारा दगड. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, जणू होडीतच बसलेत.

"ये ताई, बघ," ते म्हणाले. आमच्या घरात मला सगळेच ताई म्हणतात, बाबासुद्धा.

त्यांनी एक दगड बाहेर काढला. भोकाभोकांचा, हलका, कुठे जांभळट पापुद्रा, कुठे किड्यांच्या केसाएवढ्या नळ्या. समुद्राच्या तळाशी वर्षानुवर्षं राहिलेल्या अशा दगडात असंख्य जीव घर करून असतात. खोक्यातल्या प्रवासात त्यातले बरेच मरतात, कुजतात, आणि पाण्यात अमोनिया सोडतात. त्या अमोनियावर जगणारे जिवाणू दगडाच्या आत वाढायला काही आठवडे लागतात. अमोनिया पूर्ण संपला की समजायचं, दगड तयार. मग तो काचेच्या टाकीत ठेवायचा आणि मासे आणायचे. त्याआधी आणले तर मासे तासाभरात तडफडतात. दुकानदाराने या प्रकाराला एक इंग्रजी शब्द सांगितला होता. भावजयीने तो दारातूनच परत पाठवला आणि आपला शब्द आणला, मुरवणं.

"किती दिवस मुरवायचे?" मी विचारलं.

"चार आठवडे, पाच आठवडे. दगडांची मर्जी," ती म्हणाली. "हे म्हणतात बाबा दगड शिजवतायत, शिट्टी झाली की कळवा."

हे म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो मोठाल्या यंत्रांच्या दुरुस्त्या करत गावोगाव फिरतो आणि पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी असतो. म्हणजे त्या घरात खरं तर दोघंच राहतात, बाबा आणि ती.

बाबांना घाई होती, आणि घाईचं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी चाळीस वर्षं नकाशे काढले. पाण्याच्या वाहिन्या, गटारं, रस्ते, सगळं शाईने, हाताने. निवृत्तीनंतर डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. मधोमध धूसर होत जातं, रेघा वाकतात, फिके रंग एकमेकांत मिसळतात. किती वेगाने, ते डॉक्टर सांगत नाहीत. बाबांनी मात्र ठरवलं होतं की गडद निळा दिसतोय तोवर एकदा घरात निळे मासे बघायचे. आयुष्यभर नकाशात पाणी निळं रंगवलं, आता पाण्यात निळं बघू, असं म्हणायचे.

हा आजार मला तीन महिने उशिरा कळला. भावजय त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, थेंब घालत होती, रस्ता ओलांडताना कोपर धरत होती. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तू कामात असतेस." त्यात तक्रार नव्हती. मला वाटतं, तक्रार असती तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी पाहत होते. ती दगड घासायची, ते दगड धरायचे. मेलेल्या स्पंजाचा पांढरा लिबलिबीत थर निघाला की ती "ई" म्हणायची आणि ते हसायचे. मग तिने सांगितलं की कालच तिने अर्धी पिशवी वाळू नळाखाली धुऊन टाकली.

"जिवंत वाळू?" मी म्हटलं. "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्यातले जिवाणू मेले सगळे."

"हो ना. आता ती मेलेली वाळू आहे. बाबा म्हणाले तिचा तेरावा घालू."

बाबा खुर्चीत हलून हलून हसले. "अगं बाळ, अर्धी आहे ना शिल्लक. जिवंत अर्धी मेलेल्या अर्धीला शिकवेल."

मी दहा वर्षांची असताना त्यांच्या एका नकाशावर माझ्या हातून शाई सांडली होती. ते ओरडले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाले, "वस्तूंना हात लावण्याआधी बघावं." मी त्यानंतर जन्मभर बघूनच हात लावला. प्रयोगशाळेत माझ्या हातून काही सांडत नाही, म्हणून भाऊ मला पिपेट म्हणतो, थेंब मोजायची काचेची नळी. आणि हिने अर्धी पिशवी मारून टाकली तर ती बाळ.

मी घड्याळ पाहिलं आणि निघाले.

तिसऱ्या रविवारी वास बराच कमी झाला होता. भावजय खिडकीत उभी होती, हातात बोटाएवढी काचेची नळी. माशांच्या दुकानात मिळतो तो थेंबांचा संच तिने आणला होता. पाण्यात दोन बाटल्यांतले थेंब घालायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग बघायचा. गडद हिरवा म्हणजे अमोनिया भरपूर, पिवळा म्हणजे शून्य. नळी पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून ती डोळे बारीक करून बघत होती.

"पिवळ्यात पोपटीचा एक थेंब आहे," ती म्हणाली. "आठ दिवसांत जाईल."

"एक थेंब?" मी विचारलं.

"मोठ्या डब्याला एक थेंब. तेवढाच दिसतोय."

ती रंगांच्या दुकानात काम करते. लोक भिंतीचा टवका, पडद्याचा तुकडा, कधी वाळलेलं पान घेऊन येतात आणि ती तीच छटा डब्यात तयार करून देते. माझ्या मते ते विकण्याचं काम होतं. मोजण्याचं नव्हतं.

"डोळ्याने अमोनिया मोजत नाहीत," मी म्हटलं. "मी नमुना नेते. आमच्याकडे यंत्र आहे."

ती काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "हो, ताईला दे. ती तेच करते." आणि माझ्याकडे वळून, "आणशील ना आकडा?"

किती साधा प्रश्न होता. मी स्वच्छ बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, वर तारीख आणि वेळ लिहिली. घरी जाताना ती बाटली मी पर्समध्ये न ठेवता हातातच धरली होती.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी नमुना लावला, आमच्या रोजच्या पद्धतीने. यंत्राने एक पूर्णांक आठ दाखवलं. मी बाबांना फोन केला.

"अजून बराच आहे, बाबा. एक पूर्णांक आठ."

"अरे," ते म्हणाले. "सूनबाई तर म्हणत होती संपत आला. बरं झालं तू बघितलंस. नाहीतर आम्ही घाई करून मासे मारले असते."

बरं झालं तू बघितलंस. त्यांनी मग पद्धत विचारली, यंत्र कसं वाचतं ते विचारलं, आमच्याकडे किती नमुने येतात तेही विचारलं. अकरा मिनिटं आम्ही बोललो. सोळा वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल एवढं कधी विचारलं नव्हतं.

चहाच्या वेळी मी नळी धुवायला घेतली आणि तिच्या तळाशी पांढरा साका दिसला. माझा हात थांबला. आमची रोजची पद्धत गोड्या पाण्यासाठी आहे. खाऱ्या पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम नमुन्यात घालायच्या द्रावणाशी साका धरतं, पाणी गढूळतं, आणि यंत्र त्या गढूळपणालाच रंग समजून आकडा देतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं. सोळा वर्षं फक्त नळाचं पाणी बघून मी ते विसरले होते. एक पूर्णांक आठ हा अमोनियाचा आकडा नव्हताच.

फोन करायला हवा होता. एक वाक्य पुरलं असतं, बाबा, माझी पद्धत चुकली. मी नळी धुतली, स्टँडमध्ये उलटी ठेवली आणि स्वतःला सांगितलं की पुढच्या आठवड्यात नीट करून सांगू, आठ दिवसांनी काय बिघडतं.

पुढच्या सोमवारी मी नीट केलं. पाणी आधी उकळून, त्यातला अमोनिया वाफेबरोबर वेगळा काढून, तो मोजला. शून्य. पुन्हा केलं. शून्य. भावजयीचा आठ दिवसांचा अंदाज तंतोतंत बरोबर होता, पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, नुसत्या डोळ्याने.

मी फोन उचलला तेव्हाही खरं सांगणार होते. पलीकडे बाबा होते. म्हणाले, "तुझ्या फोनचीच वाट बघत होतो," आणि मागून भावजयीचा आवाज आला, "विचारा, विचारा, माझा पिवळा बरोबर का?" त्या आवाजात हसू होतं. मला ती खिडकीतली दिसली, नळी उंच धरून.

"थोडा आहे अजून," मी म्हटलं. "शून्य पूर्णांक चार."

आयुष्यात पहिल्यांदा मी न मोजलेला आकडा सांगितला, आणि तोही एका दशांश स्थळापर्यंत.

त्यानंतर काय झालं ते मी लपवून ठेवणार नाही. मला बरं वाटलं. बाबा आता दर सोमवारी माझ्या फोनची वाट बघत, आणि गुरुवारी आपणहून फोन करत. दगडांवर कुठला जीव दिसला, कुठल्या भोकातून बारीक किडा डोकावला, ते सांगत. "सूनबाईचं म्हणणं आहे झालं, पण ताईचं यंत्र नाही म्हणतंय, तोवर नाही," असं ते कोणालाही सांगत, भावालासुद्धा. भाऊ मला म्हणाला, "पिपेट, तू तर घरची सुप्रीम कोर्ट झालीस." मी हसले. मला ते पद आवडलं होतं.

नमुने मी रीतसर नेत होते, रीतसर मोजत होते आणि दर वेळी शून्यच येत होतं. पाचव्या आठवड्यात मी शून्य पूर्णांक तीन सांगितलं, सहाव्यात शून्य पूर्णांक दोन. एकदम खाली आणलं असतं तर ते खरं वाटलं नसतं. खोटा उतारही मी नियमात बसवला.

तिकडे भावजय पाणी बदलत होती. अमोनिया हटत नाही म्हणजे आत कुठेतरी काहीतरी कुजतंय, असं दुकानदाराने तिला सांगितलं. म्हणून दर आठवड्याला ती निम्मा टब उपसायची, शुद्ध पाण्याचे कॅन तीन मजले चढवायची, मीठ विरघळवायची, दगड एकेक काढून पुन्हा घासायची. कामावरून आल्यावर. मला हे माहीत होतं. ती फोनवर हसत सांगायची की तिचे दंड आता भावापेक्षा जाड झालेत.

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी मी गेले, तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत टाकीपुढे बसले होते. टाकी रिकामी होती, काच पुसून लख्ख. त्यांच्या मांडीवर दोन कागद होते.

"ये. हे बघ," ते म्हणाले. "दगड कसे रचायचे त्याचा आराखडा. हा दगड आले त्या आठवड्यातला."

मी पाहिला. बारा दगड, बारा आकडे, मधून पाणी खेळायला वाट, खाली वाळूची पातळी. अंदाजाने काढलेला, पण रेघ त्यांचीच होती, एकटाकी.

"आणि हा परवाचा. थोडा बदल सुचला म्हणून काढला."

दुसऱ्या कागदावर प्रत्येक दगड दोनदा काढलेला होता, एकावर एक, जरासा सरकून. वाळूची पातळी मधोमध खाली वाकली होती. आठ नंबरचा दगड दोन ठिकाणी होता आणि नऊ कुठेच नव्हता.

"बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ते रिकाम्या टाकीकडे वळले. मग म्हणाले, "लवकर होईल का गं शून्य?"

त्यांनी मला याआधी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी "बघते" म्हटलं आणि मागच्या खोलीत गेले.

टबावरचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. नमुना घ्यायला वाकायला जागा व्हावी म्हणून मी ते बाजूला केलं तर मागे भिंतीवर एक कॅलेंडर दिसलं. दर दोन-तीन दिवसांआडच्या चौकोनात रंग भरला होता, बाबांच्या जुन्या रंगीत पेन्सिलींनी. पहिले दोन आठवडे गडद हिरवा. मग फिकट. मग पिवळ्यात जेमतेम पोपटी. मग पिवळा, पिवळा, पिवळा. चौथ्या सोमवारी पिवळ्याच्या खाली बारीक अक्षरात माझा आकडा, आणि पिवळ्यावर प्रश्नचिन्ह. पाचव्या आठवड्यात चौकोन पिवळा रंगवून त्यावर फुली मारली होती. सहाव्या आठवड्याचे चौकोन कोरे होते. तिथे फक्त माझा आकडा होता.

भावजय कॅन घेऊन आत आली आणि मी काय बघतेय ते तिला दिसलं.

"ते राहू दे हो ताई," ती कॅन खाली ठेवत म्हणाली. "ते चुकलेलं आहे सगळं."

"बंद का केलंस?"

"काय करू? मला पिवळाच दिसत होता." ती टबाच्या कडेवर बसली. "बाबांना सांगू नका. मी डोळे दाखवून आले. म्हटलं, घरात एकाचे जातायत, माझेही सुरू झाले की काय. डॉक्टर म्हणाले डोळे ठणठणीत आहेत. म्हटलं, मग डोकं गेलं असेल."

ती हसली, पण नेहमीसारखं नाही.

"दुकानात कळलं कोणाला?"

"अजून नाही. पण परवा एक बाई पडद्याचा तुकडा घेऊन आल्या. साधी बदामी छटा. मी डोळे मिटूनही केली असती. पण मी शेजारच्या मुलीला दाखवली, म्हटलं, तू सांग बाई, जुळतेय का. बारा वर्षांत मी कोणाला विचारलं नव्हतं." तिने मोजे चढवले. "जाऊ दे. तुम्ही नमुना घ्या, मग मी उपसते."

बाटली माझ्या हातात होती. मी तिच्यावर तारीख लिहिली होती. वेळ लिहायची राहिली होती.

"बाबा," मी हाक मारली. "जरा आत येता?"

ते भिंतीला हात लावत आले आणि खुर्चीत बसले.

"हिचा पिवळा बरोबर आहे," मी म्हटलं. "अमोनिया शून्य आहे. तीन आठवडे झाले."

आधी भावजय बोलली. "म्हणजे तुमचं यंत्र बिघडलं होतं? अहो, मग तसं सांगा ना. होतं असं. आमच्या दुकानातलं रंग ढवळायचं यंत्र महिन्यातून दोनदा बिघडतं."

"असेल," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "यंत्रच ते. ताई काय करणार त्याला."

दोघांनी मिळून माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. दगड त्याच दिवशी टाकीत गेले असते आणि सोमवारचे फोनही कदाचित चालू राहिले असते.

"यंत्र बिघडलं नव्हतं," मी म्हटलं. "पहिल्यांदा माझी पद्धत चुकली. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. नंतर तीनदा मी नीट मोजलं आणि तीनदा शून्य आलं. मी तुम्हाला खोटे आकडे सांगितले."

पंप घरघरत होता. बाबांनी एकच शब्द विचारला. "का?"

खूप कारणं देता आली असती. ती मी तीन आठवडे मनात तयार केली होती. पण ती सगळी तिच्याबद्दल होती आणि त्यांनी विचारलं होतं माझ्याबद्दल.

"तुम्ही फोन करत होतात म्हणून," मी म्हटलं.

बाबांनी मान खाली घातली. त्यांना माझा चेहरा तसाही धूसरच दिसत असणार. तरी त्यांनी ती खाली घातली.

भावजयीने मोजे काढले, आधी एक, मग दुसरा, आणि टबाच्या कडेवर ठेवले.

"मी तीनदा निम्मा टब उपसला, ताई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कॅन वर आणले. दगड घासून घासून त्याच्यावरचे जिवंत होते तेही गेले असतील. ते सोडा. पण मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. माझं पोटच त्यांच्यावर आहे."

"हो," मी म्हटलं.

"नुसतं हो?"

"मी उद्या तुझ्या दुकानात येते. त्या मुलीला सांगते."

"काय सांगणार? माझ्या नणंदेला माझा हेवा वाटला म्हणून?" तिने पहिल्यांदाच तो शब्द काढला, आणि मला कळलं की तिला तो आधीपासून माहीत होता. "नको. तिला मी काय ते सांगेन. तुम्ही येऊ नका."

बाबा उठले. त्यांनी टबाची कड चाचपडून धरली. "सूनबाई, आज दगड टाकीत जातील का?"

"आधी एकदा तपासून घेऊ," ती म्हणाली.

तिने नळी भरली, थेंब घातले, हलवली. पाच मिनिटं आम्ही तिघं टबाभोवती उभे होतो. मग तिने ती पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरली, जराशी थबकली आणि माझ्यापुढे केली. "तुम्ही बघा."

मी हात पुढे केला होता.

"नको," बाबा म्हणाले. "तूच बघ आणि तूच सांग."

तिने नळी परत घेतली. खिडकीकडे वळून बराच वेळ पाहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. "पिवळा," ती म्हणाली. "नुसता पिवळा."

मग त्यांनी दगड न्यायला सुरुवात केली. ती उचलायची, ते खालून हात लावायचे, आणि दोघं एकेक पाऊल टाकत बाहेरच्या खोलीत जायचे. मला कोणी काही सांगितलं नाही. जा म्हणूनही सांगितलं नाही. मी पर्स टेबलावर ठेवली, बाह्या दुमडल्या, पंप आणि हीटर बंद केला आणि मोरीतली बादली आणली. टबात दीडेकशे लिटर पाणी होतं. एका बादलीत बारा लिटर. मी भरायला लागले.

बाहेरून आवाज येत होते. "डावीकडे बाबा, अजून, हां." "हा आठ नंबर का?" "आठच. तुम्ही आठ दोनदा काढलाय, आता एक कुठला ठेवू?" मग बाबांचं हसू, आधी दबकं, मग मोकळं. मी बादली उचलून मोरीत ओतली. मला त्या हसण्याचा हेवा वाटला, पहिल्या रविवारी वाटला होता तेवढाच. सगळं सांगून टाकल्यावर तो जातो असं मला वाटलं होतं. तो गेला नव्हता.

सातव्या बादलीनंतर पाठ भरून आली. तेराव्यानंतर तळाशी फक्त राखाडी गाळ उरला, दगडांतून सुटलेला, आणि त्यात एक तुटकी केसाएवढी नळी. ती मी बोटाने उचलून पाहिली. रिकामी होती. गाळ कपड्याने पुसून काढला, टब उभा करून निथळत ठेवला, फरशी पुसायला घेतली.

बाहेर टाकीत पाणी सोडल्याचा आवाज आला.

"ताई," बाबांची हाक आली. "गेलीस का?"

"नाही. फरशी पुसतेय."

मी फडकं बादलीत पिळलं.

"बरं," ते म्हणाले.